चोरून मारलेली पेडलं

मशीन खोटं बोलतंय, अशी तक्रार आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी केली, म्हणून तो दुरुस्तीला आला. खिशाला स्क्रूड्रायव्हर, आणि कपाळावर एक बट, जी तो सारखी फुंकर मारून उडवत होता. मी त्याच मशीनवर पाय बांधून बसले होते, त्यामुळे पळायची सोय नव्हती.

मला मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. शरीरात शक्ती तयारच कमी होते. म्हणून हे मशीन : मोटर पेडल फिरवते, पाय नुसते सोबत फिरतात. स्नायू मोकळे राहतात, आणि मी दमत नाही. पडद्यावर पेशंटचा जोर शून्य दिसायला हवा. माझा रोज तीस दिसे.

त्याने स्वतःचे पाय अडकवून पाहिले. शून्य. मग माझे. तीस. त्याने माझ्याकडे पाहिलं… मी छताकडे.

"मशीन ठणठणीत आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्ही चोरून पेडल मारता."

"आयतं बसायची लाज वाटते मला."

"आणि संध्याकाळी?"

संध्याकाळी हातातला चमचाही जड होतो, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्याला का सांगितलं, कोण जाणे. बाईंना मात्र तुम्हीच सांगा, असं त्याने बजावलं. मी सांगितलं आणि मनसोक्त बोलणी खाल्ली. पुन्हा जोर लावला तर व्यायामच बंद, असा दमही मिळाला.

मशीनवर लक्ष ठेवायला हवं, या सबबीवर तो दर बुधवारी येऊ लागला. समोर स्टूल ओढून गप्पा मारायचा. त्याच्या ताईने त्याच्यासाठी पाहिलेल्या मुलींचे किस्से ऐकता ऐकता मी जोर लावायचं विसरायचे, आणि आकडा शून्यावर यायचा. पट्टा सैल करायला तो वाकला, की आकडा मात्र उसळायचा.

"आता काय झालं?"

"मशीनलाच विचारा," मी म्हणायचे. माझे कान तापलेले असायचे.

चौथ्या बुधवारी तो स्टूलवर बसलाच नाही. सबबी संपल्या, म्हणाला. समोरच्या बागेत येणार का?

मला जायचं तर होतंच, पण त्याला अंधारात ठेवणं बरं नव्हतं. "वीस पावलांत दमते मी. आणि हे बरं होणारं नाही… तुम्ही कंटाळाल."

"मग एकोणीस पावलांवर बसू," तो म्हणाला. "मला कुठे पोचायची घाई नाही. तुमच्याबरोबर बसायचंय."

व्हीलचेअरवरून रस्ता ओलांडला, फाटकाशी मी उठून उभी राहिले आणि आम्ही चालत आत शिरलो. पाऊस नुकताच थांबला होता, वाट निसरडी होती. त्याने हात पुढे केला नाही, नुसता माझ्या चालीने चालत राहिला. मला ते फार आवडलं. सातव्या पावलाला मीच त्याचा हात धरला.

तो लगेच थांबला. "दमलीस?"

"नाही," मी म्हटलं. "तू आवडतोस, म्हणून धरला."