न चमकलेली काचपट्टी

आईचा खोकला थांबला, वजन वाढलं, औषधंही संपत आली. तरी थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू दिसतच होते. मग आई बरी झाली होती की नव्हती? मी तेव्हा तिसरीत होते आणि आईच्या कुशीत झोपायला जीव नुसता तळमळायचा. ती गच्चीवरच्या खोलीत, मी खाली अंगणात. काकूने तर तिचा कपसुद्धा वेगळा टांगला होता.

सुट्टीत आईचे वडील, अण्णाआजोबा आले. ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांच्या झोळीत तळहाताएवढा सूक्ष्मदर्शक असायचा. त्यांनी तपासणीची काचपट्टी दाखवली. तिच्यावर लाल काड्यांसारखे जंतू होते. माझं तोंड एवढंसं झालं.

आजोबा म्हणाले, "चारू, हा जुना रंग मेलेल्या जंतूंनाही चढतो. आता सांग, कोपऱ्यात मुंगी निपचित पडलीय. जिवंत आहे का, कसं ओळखशील?"

"साखर ठेवीन तिच्यापुढे."

आजोबा खूश झाले. त्यांनीही तेच केलं होतं. ट्रेहॅलोज नावाच्या साखरेला एक रंग जोडून त्यांनी शोधरेणू (नेमकी वस्तू हुडकून खूण करणारा रेणू) बनवला होता. क्षयाचा जिवंत जंतू ही साखर घेऊन आपलं मेणचट कवच बांधतो. पाण्यात हा रंग मंद असतो. कवचात शिरला की निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. याला म्हणतात प्रतिदीप्ती (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणं). मेलेल्याला कसली साखर आणि कसलं काय!

आधी त्यांनी क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद दाखवले. ते हिरवेगार लखलखले. मग आईच्या ताज्या थुंकीत तोच शोधरेणू मिसळून केलेली नवी काचपट्टी ठेवली. मी श्वास रोखून पाहिलं. सगळा काळोख.

"काहीच दिसत नाही, आजोबा."

"पुन्हा बघ. सावकाश."

पुन्हा काळोखच. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही खात्री करून घेतली आणि आई खाली आली. क्षय हवेतून पसरतो, कपातून नव्हे, हे आजोबांनी काकूला समजावलं. काकू ओशाळली, तिने वेगळा टांगलेला कप सगळ्यांच्या कपांत आणला आणि त्यातच आईला चहा दिला. आईने अर्धा पिऊन कप माझ्यापुढे केला.

आता मीच असे शोधरेणू बनवते. उद्या ते खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत पोहोचतील. काचपट्टी काळी निघाली की माझ्या प्रयोगशाळेत शिकणारी मुलं हिरमुसतात, काहीच दिसलं नाही म्हणतात. मला मात्र तो अर्धा कप चहा आठवतो. गार झाला होता, आणि तसा चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही.