सुगरणीखालचं खरवडलेलं नाव

"ताई, चल ना! ड्रोन आला, ड्रोन!"

स्वराज ओरडतच उसाच्या कडेनं पळत सुटला. त्याच्यामागं त्याची बहीण प्रांजल, आणि सगळ्यांत मागं अपेक्षा.

निमोण्याची अपेक्षा दिवाळीच्या सुट्टीत पाटसला मामाकडं, म्हणजे स्वराज-प्रांजलच्या घरी, आली होती. दरवर्षी ती आणि तिचा भाऊ सुदर्शनदादा मिळून यायचे. यंदा ती एकटीच आली. श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि इंजिनिअरिंगला असलेला दादा बघता बघता गेला.

जयसिंगमामांच्या बांधावर बरीच माणसं जमली होती. दौंडचा विक्रेता रोहिदास फवारणीचा ड्रोन दाखवत होता. "ह्यो बोर्ड म्हंजी ड्रोनचा मेंदू! पंखं किती फिरवायचं, किती उंच ऱ्हायचं, समदं ह्योच ठरवतो. आपण सोता बनवलाय!"

अपेक्षानं पारदर्शक झाकणातून आत पाहिलं. बोर्डाच्या कोपऱ्यात घरट्याला लटकलेली सुगरण चिमणी छापलेली होती. दादानं स्वतः काढलेली! तिच्याखालचं त्याचं नाव मात्र कुणीतरी खरवडून टाकलं होतं.

"ह्यो माझ्या दादाचा बोर्ड हाय!" ती कुजबुजली. "त्यानं आराखडा नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. कुणीबी बनवावा, फक्त मूळ बनवणाऱ्याचं नाव पुसू नये."

"म्हंजी ह्यांनी चोरला?" स्वराजनं डोळे वटारले.

"बनवला त्याचं काय न्हाई रे. पण ह्यो पयला बोर्ड हाय, चुकीचा! ती बारकी चिप दिसती ना, ती हवेच्या दाबावरून उंची सांगती. तिच्यावर ऊन पडलं की गडबडती. आमचा ड्रोन तसाच आदळला होता. मग दादानं तिच्यावर काळा स्पंज बसवला, आन् नेटवर सगळ्यांना कळवलं. ह्यांनी ते वाचलंच न्हाई!"

शेजारच्या कांद्यात बायका खुरपत होत्या. ड्रोन तिकडूनच जाणार होता.

"काका, उडवू नका! चिपवर ऊन पडतंय!" अपेक्षा पुढं झाली.

"तू आधी शाळा शिक बाळ!" रोहिदास हसला.

"अपेक्षे, मोठ्यांच्या मधी बोलू नगं," मामाही म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. दादा असता तर म्हणाला असता, 'बोल, पूर्ण बोल.' आता तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

"सांगून ऐकत न्हाईत ना? मग दाखवू!" प्रांजल आईची छत्री घेऊन आली.

स्वराज भोळा चेहरा करून रोहिदासच्या मोबाईलमध्ये डोकावला. "काका, ह्यो आकडा कसला?"

"ड्रोनची उंची."

"पण ड्रोन तर खाली हाय! आन् हितं चार मीटर दिसतंय की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रांजलनं लांबूनच ड्रोनवर छत्रीची सावली धरली. आकडा शून्यावर! छत्री काढली, पुन्हा वर!

"वाऱ्यानं होतं तसं!" रोहिदास चाचरला.

"वारा छत्रीला विचारून येतो व्हय?" स्वराजनं विचारलं. माणसं खो खो हसली. मामा मात्र हसले नाहीत. त्यांचं लक्ष कांद्यातल्या बायकांकडं गेलं होतं.

"बंद कर ते!" ते गरजले. "पोरी, आता सांग. सगळं सांग."

अपेक्षानं सांगितलं. मधे कुठंही ती थांबली नाही. रोहिदासनं बॅटरी काढली आणि मान खाली घातली. "मीच नाव खरवडलं. पण लई भारी बोर्ड हाय, पोरी. मला तुझ्या दादाची माफी मागायचीय. तो पोरगा कुठं भेटंल?"

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"न्हाई भेटणार काका," अपेक्षा म्हणाली. "नाव तेवढं परत लावा. सुदर्शन."

मामांनी तिला जवळ ओढलं. "आज तुम्ही तिघांनी मोठा घात टाळला. माझंच चुकलं, तुला गप केलं."

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. श्रावणापासून आईनं दादाचं नावही काढलं नव्हतं. विषय निघाला की ती उठून जायची. अपेक्षानं भीतभीत सगळं सांगितलं. पलीकडून नुसते हुंदके ऐकू येत होते. फोन ठेवावा का, असं अपेक्षाला वाटलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "त्यानं स्पंज कसा बसवला होता गं? मला नीट सांग."