पाण्याशिवायचा घास

श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये वड्याचा तुकडा माझ्या घशात अडकला. मांडीवर माझी चार वर्षांची लेक सृष्टी... बाहेर थंडीतली भुरभुर. पाणी प्यायले, तेही उलटून आलं.

"ओ ताई, हात वर करा, लई ठसका लागलाय वाटतं," गल्ल्यावरचा ओरडला. सगळे बघू लागले. समोरच्या माणसानं मात्र रुमाल माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे पाठ करून बसला, मला आडोसा होईल असा.

"वडा कोरडा होता," तुकडा उतरल्यावर मी पुटपुटले.

"मीपण तोच खाल्ला. माझ्याशी नीट वागला."

आदिनाथ. रोज माझ्याच बसनं जाणारा, पुढच्या गावचा शिक्षक. मग तो बसमध्ये आमची जागा धरू लागला.

"मॅडम, डब्यात रोज दुधात कुस्करलेली भाकरी? दातांचा संप आहे का?"

"डाएट."

"कुणासाठी?"

मी खिडकीबाहेर पाहिलं... कान मात्र तापले होते.

सासरी बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या. मी काय गिळते, किती वेळ लावते, कुणी पाहिलंच नाही. कमी खाणारी सून म्हणून कौतुकच झालं. नवरा वारल्यावर म्हणाले, दुःखानं वाळली. घास अडकण्याबद्दल मोबाईलवर वाचलं तेव्हा एकच शब्द दिसला — कॅन्सर. त्या भीतीनं मी डॉक्टरकडे गेलेच नाही. रात्री सृष्टीच्या अंगावर हात ठेवून जागी राहायची.

एकदा बसमध्ये तोंडून निघून गेलं, "मला काही झालं तर हिचं कोण?"

त्यानं चेष्टा केली नाही. "आधी काय झालंय ते बघू. मी येतो. सृष्टीला बाहेर सांभाळीन."

नगरच्या डॉक्टरांनी फिकी पापणी पाहिली, चमच्यासारखी खोलगट नखं पाहिली. तपासणीत अंगात रक्त फार कमी निघालं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेत आडवा, पातळ पडदा दिसला. लोह कमी पडलं की क्वचित असं होतं म्हणाले. पडदा ताणून मोकळा केला, लोहाच्या गोळ्या दिल्या. "गोळीबरोबर चहा नको. आणि पुढच्या तपासण्या चुकवू नका, पुढे धोका नको."

बाहेर आदिनाथ सृष्टीची वेणी घालत होता, वाकडीतिकडी.

"कॅन्सर नाही," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. वेणी हातातच राहिली.

काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, तो आम्हा मायलेकींच्या खोलीवर जेवायला आला. मी त्याचं ताट वाढलं. "बसा तुम्ही. मी मागून जेवते."

"नाही." मांडणीतून त्यानं दुसरं ताट स्वतःच काढलं.

"मला अजून वेळ लागतो."

"लागू दे."

मी भाकरीचा घास चावत राहिले. तो उतरला... पाण्याशिवाय. त्याच्या ताटातली भाकरी तशीच होती.

"असं रोज बघत बसणार का?"

"तू म्हणालीस तर, अश्विनी."

मॅडम नाही. नुसतं अश्विनी. मला जेवताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पाहत होतं. मी लाजून मान वळवली नाही. दुसरा घास तोडला.