डाव्या हाताची गुंडाळी

“हे आधी कधी कुणी उघडलंय का?” पेचकस स्क्रूवर टेकवण्याआधी पारख्यानं विचारलं, आणि चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

“उघडलंय?” बाबा खुर्चीत ताठ बसले. “अहो, माझ्या सख्ख्या भावानं न विचारता तारा बदलल्या, तर त्याला मी हा उंबरा बंद केला. स्क्रूला हात लावायची कुणाची छाती आहे इथं?”

यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा काका फाटकाशीच उभे राहून परत गेले होते. माणसाचा जीव कशात अडकेल ते सांगता येत नाही. बाबांचा अडकला होता टेबलावर घोंगडी अंथरून निजवलेल्या त्या जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारमध्ये. तरुणपणी त्याच्याच जोरावर त्यांनी ऑर्केस्ट्रात नाव काढलं, त्याच्यावरच संसार केला, आणि आता हृदयविकारानं घरात बसवल्यावर एकच ध्यास घेतला होता... डोळे मिटण्याआधी बासची पारख व्हावी, तो अस्सल आहे असं जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकावं आणि धाकट्याच्या हाती सोपवावा.

पारखी गृहस्थ स्थूल, सावकाश बोलणारे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी गळ्याच्या बुडाचा शिक्का वाचला, रंगाच्या कडा न्याहाळल्या. “झीज खरी आहे,” ते म्हणाले. “नकली करणारे सगळीकडे सारखं घासतात. पण वाजवणाऱ्याचा हात नेमका एकाच जागी टेकतो.” बाबांचा चेहरा उजळला. मग खुंट्या अस्सल निघाल्या, बटणं अस्सल निघाली, आणि ताईची नजर बासवरून हलेना. कारण आता उरली होती फक्त तारांखालची ती काळी डबी, तारांचा कंप पकडून आवाज पुढे पोचवणारा पिकअप. आणि त्या डबीत काय आहे हे या घरात दोघांनाच ठाऊक होतं.

धाकटा खिडकीशी उभा होता. त्यानं ताईकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

कित्येक वर्षांपूर्वी एका दुपारी तो असाच पांढराफटक पडून तिच्या दुकानात आला होता. पंख्यांच्या आणि पंपांच्या जळक्या मोटारी पुन्हा गुंडाळायचं ते दुकान. ताई तिथं कामाला होती. कलावंताच्या घरातली पोर तांब्याच्या तारा गुंडाळते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, पण बाबांचे कार्यक्रम कमी झाले होते आणि त्याच तारांवर तेव्हा घरची चूल पेटत होती. “ताई, आत काय आहे बघायला म्हणून मी डबी उघडली... पेचकस निसटला. आतली तार तुटली. संध्याकाळी बाबांचा कार्यक्रम आहे. बाबा मलाही काकांसारखं...”

ताईनं कपाळाला हात लावला नाही की त्याला बोल लावला नाही. घरी येऊन बाबा झोपले असताना बास बाहेर काढला, केसाहूनही बारीक तार घेतली आणि श्वास रोखून डबीतली ती तारेची कॉइल हातानं नव्यानं गुंडाळली. डाव्या हातानं. तिचा तोच हात चालायचा. लहानपणी त्याच हातानं तिनं एकदा बासची तार छेडली होती, तेव्हा बाबांनी बोटांवर पट्टी मारून सांगितलं होतं, “डावखुऱ्यांचं हे वाद्य नव्हे.” त्यानंतर तिनं कधी त्याला हात लावला नव्हता. लावला तो त्या एकाच दुपारी, आणि तोही चोरासारखा.

तेव्हापासून बाबा धाकट्याशी वेगळेच वागू लागले. त्याला जवळ बसवून शिकवू लागले, चारचौघांत त्याची तारीफ करू लागले. ताईला त्याचं कारण कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. भावाचं भलं होतंय ना, मग आपलं काय! लग्नाचं वय उलटलं, बाबांची औषधं, पथ्यपाणी तिच्याच गळ्यात आलं, आणि ते तिनं हूं की चूं न करता उचललं.

पण आज? डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का बसू देऊ नका. एका शब्दानं बाबांना काही झालं तर? आणि वाचले, तर आपल्याच हाताचा घास खाताना ते आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघतील?

चारही स्क्रू निघाले. पारख्यानं डबीचं झाकण उचललं, भिंग जवळ नेलं आणि गुंडाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. ताईनं ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला, पण हात सोडला नाही.

“कॉइल मूळची नाही,” ते हळूच म्हणाले. “तार वेगळी आहे. कुणीतरी हातानं गुंडाळलीय.”

झालं. ताईनं डोळे मिटून घेतले.

“ठाऊक आहे मला,” बाबा म्हणाले.

तिनं दचकून डोळे उघडले. बाबा शांत होते.

“त्या संध्याकाळी पहिला सूर लावला आणि कळलं. आवाज भरून आला होता. एरवी लोक हात लावून लाखमोलाची चीज बिघडवतात. इथं कोणीतरी तिला जीव लावला होता. रागावणार होतो, पण जीभच उचलेना.” त्यांनी धाकट्याकडे हात केला. “विंगेत हा उभा होता, भीतीनं अर्धा झालेला. म्हटलं, हाच तो. माझ्या पोराच्या हातात कसब आहे. म्हणून तर त्याला देतोय, आणि मघाशी स्क्रूबद्दल बढाई मारली तीही त्यालाच सांभाळायला.”

धाकट्याची मान छातीला टेकली. ताईच्या मनात आलं, आता गप्पच राहावं. सगळं निभावलं. बाबा सुखात आहेत...

“तुम्ही डावखुरे का हो?” पारख्यानं धाकट्याला सहज विचारलं. “नाही, गुंडाळी उलटी आहे. उजव्या हाताचा माणूस अशी गुंडाळत नाही.”

बाबांची नजर धाकट्यावरून सरकली आणि ट्रेच्या कडेवर घट्ट रोवलेल्या ताईच्या डाव्या हातावर येऊन थांबली.

“बाबा, मी फक्त तोडली होती,” धाकटा रडत म्हणाला. “जोडली ताईनं. इतकी वर्षं मी तिचं श्रेय खाल्लं.”

“इकडे ये,” बाबा म्हणाले. “हात दाखव.”

पट्टीची ती जुनी कळ बोटांत पुन्हा जागी झाली. तरी ती गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, तारांनी चरे पाडलेलं एकेक बोट चाचपलं, आणि त्या तळहातावर त्यांचे अश्रू टपटप पडू लागले.

“पोरी... याच हाताला मी मारलं होतं गं.”

“बाबा, जाऊ दे ना. तुम्हाला त्रास होईल.”

“होऊ दे.” त्यांनी पारख्याकडे वळून विचारलं, “डावखुऱ्यानं हा वाजवायचा तर काय करावं लागेल?”

पारखी गडबडले. “तारा उलट्या क्रमानं लावाव्या लागतील. त्यासाठी गळ्याच्या टोकाची हाडाची पट्टी काढून नव्या खाचांची घडवावी लागेल. पण साहेब, कॉइलनं किंमत निम्म्यावर आणलीच आहे. ही मूळची पट्टीही गेली, तर उरलीसुरली किंमतही जाईल.”

ताईचा हात न सोडता बाबा म्हणाले, “काढा.”