एकेरीवर यायचं का?

भांडायला म्हणून मी कोल्हापुरात राजारामपुरीतला तो अरुंद जिना चढत होते आणि पुढे एक जण वाट अडवून निवांत चालला होता.

"ओ पावणं, जरा बाजूला व्हा की!"

तो भिंतीला चिकटला. भुरभुर पावसानं केस भिजलेले, हातात चहाची गरम पिशवी, आणि डोळे… जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"ते 'भेटू की'चं हापिस कुठं हाय?"

"काय काम होतं?"

"भांडायचं हाय."

"मग या की वर," तो म्हणाला. "मीच हाय."

'भेटू की' म्हणजे आपल्याकडच्या पोरापोरींनी ओळख काढावी, बोलावं, जमलं तर जमवावं म्हणून या धैर्यशील सरनोबतानं एकट्यानं उभी केलेली साईट. 'मोठ्ठा फॉर्म नाही. चार ओळी लिहा, बाकीचं आम्ही भरतो,' अशी तिची जाहिरात होती. मी चार ओळी लिहिल्या, जशी बोलते तशा. 'जयसिंगपुरात वाढलो. सायकल चालवतो. शेंगदाण्याची चटणी झकास करतो. खोटं बोललेलं चालत न्हाय.' नावाच्या जागी घरचं नाव घातलं, शांभू.

आमच्याकडं बायकासुद्धा गेलो-आलोच म्हणतात. इथं मी गेले-आले लिहितेय ती शाळेतल्या मराठीच्या बाईंच्या छडीची कृपा. त्या साईटला कुठलं ठाऊक? तिनं 'चालवतो' बघितलं आणि मला सरळ पुरुषांच्या रांगेत नेऊन बसवलं. दोन दिवसांत चौदा पोरींचे नमस्कार आले. एकीनं तर विचारलं, मिशी ठेवता का?

"तुमच्या साईटनं मला बाप्या केलंय!" मी म्हणाले.

तो इतका हसला की चहा टेबलावर सांडला. मग उरलेला त्यानं दोन कपांत ओतला, एक माझ्यापुढं सरकवला आणि वही उघडून म्हणाला, "बसा की. आणखी काय काय चुकलंय, सांगा."

असं पहिल्यांदाच झालं होतं. भांडायला गेले आणि समोरच्यानं ऐकून घेतलं! आता डोळ्यांचं सांगते. ऐकताना ते हलत नसत.

मी तेव्हा एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर तपासत होते. दुपारी तिथून सुटले की 'भेटू की'त जायला लागले. 'वापरकर्तानाव प्रविष्ट करा' काढून मी 'नाव सांगा की' केलं. नको असलेल्या माणसाला नाकारायला लाल फुली होती, तिच्या जागी 'बरं, येऊ का?' घातलं, म्हणजे कुणाचा अपमान नको. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न ठेवला, मिसळीसंगं ब्रेड का पाव? त्यावर लोक तासन् तास भांडायला लागले. भांडायला माणूस थांबला की बोलायलाही थांबतो, हे मला त्या जिन्यावरच कळलं होतं.

एकेरीचं बटणही माझंच. "तुमीवरनं तूवर यायला लई जड जातंय बघा," मी म्हणाले. "कोण आधी म्हणणार? तिथं बटण पायजे. 'एकेरीवर यायचं का?' दोघांनी दाबलं की झालं."

तो माझ्याकडं बघत राहिला. जरा जास्तच वेळ… माझे कान गरम झाले.

"लई भारी, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम! तीन महिने मॅडम आणि तुम्ही! चहावाल्याला तू, खिडकीतल्या मांजरीला 'ये गं बाय, बस', आणि मला 'तुम्ही बसा, मॅडम'. आपलं मन त्याच्यात गुंतलंय हे मला कधी कळलं सांगू? त्या मांजरीचा राग यायला लागला तेव्हा.

बटण सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. एका शुक्रवारी तो चहा आणायला खाली गेला. त्याचा स्क्रीन उघडाच होता. बघायचं नव्हतं, पण बघितलं. उसाच्या फडाचा फोटो, नाव 'शिरोळकर', आणि खाली गप्पा.

'रविवारी नक्की येतो. कुठं थांबतोस?'

'रंकाळ्याला, संध्यामठाच्या बाजूला. पाचला. लवकर ये, तुझ्याबिगर जमायचं न्हाय.'

'येतो की! जीव नको खाऊस.'

आणि या सगळ्याच्या वर हिरव्या अक्षरांत, मी स्वतः बसून लिहिलेली ओळ… 'झालं! आता बिनघोर बोला.'

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, 'येतो' म्हणतोय, मित्र असेल. पण मी जयसिंगपूरची. 'येतो-जातो' म्हणणाऱ्या पोरींतच वाढलेली. शिरोळ तर आमच्या शेजारचं. आणि 'जीव नको खाऊस' असं लाडात कुठला गडी बोलतो? पोरगीच ती. शंभर टक्के पोरगी!

तो चहा घेऊन आला.

"ह्ये शिरोळकर कोण हो?" मी अगदी सहज विचारलं.

"त्यो? दोस्त हाय. कॉलेजातला," तो म्हणाला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

दोस्त! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चहा न पिताच मी कामाला बसले, आणि 'झालं! आता बिनघोर बोला' पुसून त्या जागी लिहिलं, 'आलासा एकेरीवर? आता भोगा की!' लिहिलं आणि सरळ साईटवर चढवलं. माझं नाही, तर कुणाचंच धड होऊ नये असं वाटत होतं.

शनिवारभर ती शिरोळकरीण माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिला लांब वेणी होती. ती हसली की गालाला खळी पडायची. ट्रॅक्टरसुद्धा चालवत असणार बया. मला तर स्कूटी वळवायला दोन माणसं लागतात. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "शांभू, भाकरी करपाय लागल्या की!" मी म्हणाले, करपू देत. सोमवारपासून तिकडं पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

आणि रविवारी पावणेपाचला मी अव्वाची छत्री घेऊन रंकाळ्यावर हजर. एकदा बघायची तरी, म्हटलं.

पाऊस होता-नव्हता असा होता. भाजक्या कणसांचा वास सुटला होता. संध्यामठाच्या बाजूला तो उभा होता, इस्त्रीचा आकाशी शर्ट, भांग पाडलेला. माझ्यासाठी कधी पाडला नव्हता! छातीत असं दुखलं की परत फिरावं वाटलं. तेवढ्यात धडधड करत एक बुलेट आली. तिच्यावरून दारात मावणार नाही एवढा एक गडी उतरला. ही एवढी मिशी. दोघांनी मिठी मारली. मी वाकून मागची सीट बघितली… रिकामी. रस्ता बघितला… रिकामा.

"आरं, त्या छत्रीखाली फोटूतली तीच न्हवं काय?" तो गडी उसाच्या फडात हाळी घालावी तसा ओरडला. "वहिनी! या की हिकडं!"

धैर्यशीलनं त्याच्या तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता.

"मी राजवीर शिरोळकर," हात बाजूला सारत तो म्हणाला. "त्ये एकेरीचं बटण चालतंय का बघायबी ह्यानं मलाच धरलंतं. आठ दिस झालं, ह्यो माझा जीव खातोय. कसं विचारू, कसं विचारू! आज तुमच्या घरला यायचं ठरलंतं, तर म्हणतोय तू संगं चल, एकट्याला धीर हुईत न्हाय."

"तुमी… शिरोळकर?" मी त्याच्या मिशीकडं बघत म्हणाले. "मला वाटलं बाई हाय."

"बाई? मी?"

"'येतो' लिवलंतं की तुमी!"

"मग काय 'येते' लिवू?"

राजवीरनं मिशीवरनं हात फिरवला. मग धैर्यशील हसायला लागला, पहिल्या दिवशी हसला होता तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. राजवीर शहाणा माणूस. "मी कणसं आणतो," म्हणाला आणि निघून गेला.

"आणि मी विचारलंय की," धैर्यशील हळूच म्हणाला. "बटण केलं त्याच दिवशी. तुमी उत्तरच दिलं न्हाय. वाटलं… मनात नसंल."

"कुठं विचारलंसा?"

"भेटू की वर. शांभूला."

भांडले त्या दिवशीच मी त्या खात्यातनं बाहेर पडले होते, परत उघडलंच नव्हतं. अजून तिथं बाप्याच होते मी. तिथंच छत्रीखाली उघडलं. चौदा पोरींचे नमस्कार, आणि सगळ्यांच्या वर एक निरोप, तीन आठवड्यांचा. 'धैर्यशीलना तुमच्याशी एकेरीवर यायचं हाय.'

तीन आठवडे! मी मांजरीवर जळत होते, उसाच्या फडावर जळत होते, आणि हा माणूस माझ्याच दारात उभा होता.

मी बटण दाबलं.

दोघांचे फोन एकदमच वाजले. तो वाचायला लागला आणि मला आठवलं… पण तोवर त्याच्या भुवया वर गेल्या होत्या.

"'आलासा एकेरीवर? आता भोगा की!'" त्यानं मोठ्यानं वाचलं. "ह्ये कुणी लिवलं?"

"मी लिवलो."

"कवा?"

"परवा. रागानं." मी मान खाली घातली. "काढतो उद्या."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भोगतो की."

आणि मग जवळ सरकला. चहावाल्याला म्हणतो तसं नाही, मांजरीला म्हणतो तसंही नाही, एका वेगळ्याच आवाजात म्हणाला,

"छत्री जरा हिकडं कर की. तू एकटीनंच सगळी घेतलीयास."