अजिंक्यतारा गुणगुणतो

“पहिलं, गल्लोगल्लीचे किल्ले बघायचे. फुकट! दुसरं, तळ्यावरचा दीपोत्सव. फुकट! तिसरं, आकाशकंदिलांचं प्रदर्शन. तिकीट दहा रुपये, पण मल्हार लहान म्हणून त्याला सोडतील.”

“मी काय लहान हाय व्हय?” पल्लवीचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ मल्हार उसळला.

“दहा रुपये वाचत असतील तर हाईस!”

खालच्या मजल्यावरचा विश्वजित खो खो हसला. पल्लवीने ऐटीत वहीचं पान उलटलं. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘राजधानीत फुकट’. शाहू महाराजांनी साताऱ्याला राजधानी केलं ते काय उगाच? दिवाळीच्या सुट्टीत इथे खिशाला हात न लावता आठवडाभर मजा करता येते, हे शोधून काढलं होतं पल्लवीने, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

“आणि चौथं!” तिने आवाज चढवला. या ओळीखाली लाल पेनाच्या दोन रेघा होत्या. “राजवाड्यासमोर दिवाळी पहाट. गाणार आमच्या क्लासच्या मंगलबाई. आणि त्यांच्या मागं तंबोऱ्यावर कोण?”

“तू!” दोघे एकदम ओरडले. गेला महिनाभर त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मिरजेहून मामा आले होते आणि त्यांच्याबरोबर मामेबहीण संयोगिता. रिक्षातून एक लांबलचक लाकडी पेटी हळूहळू बाहेर आली. मामा मिरजेत तंबोरे बनवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण संयोगिताने पेटी उघडली आणि आतला भोपळा उन्हात चमकला, तेव्हा मल्हारने ‘आ’ वासला तो मिटायलाच विसरला.

“बाबांनी माझ्यासाठी बनवलाय,” संयोगिता म्हणाली आणि तिने तारा छेडल्या. सगळी खोली भरून गेली. वही कॉटवर उपडी पडली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तिथून पल्लवीचे ग्रह फिरले. चकलीच्या पहिल्या घाण्यातली पहिली चकली संयोगिताला! मल्हारच्या तोंडी उठता बसता ‘संयूताई’! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ले बघायला गेले, तर पल्लवी वहीत टिपणं घेत पुढे आणि बाकीचे संयोगिताभोवती घोळका करून मागे. पलीकडच्या गल्लीतल्या किल्ल्याला चोरवाट काढली होती, आत बॅटरीसुद्धा लावली होती. पल्लवीने ते मोठ्याने सांगितलं. कुणी ऐकलं नाही. संयोगिता तेव्हा भोपळा कसा वाळवतात ते सांगत होती ना!

घरी परतल्यावर तर कहर झाला. मंगलबाई फराळाला आल्या होत्या. त्यांनी तंबोरा ऐकला आणि डोळेच मिटले.

“अस्सल मिरजेचा! पल्लवी, आपला क्लासचा तंबोरा आता म्हातारा झालाय गं. परवा पहाटेला हाच घेऊ. आणि ज्याचा तंबोरा त्यानेच छेडावा. संयोगिता, बसशील ना माझ्या मागे?”

पल्लवी हसली. हसावंच लागलं. पण वहीतल्या लाल रेघा डोळ्यांसमोर नाचल्या. महिनाभर रोज बोटं दुखेपर्यंत सराव कुणी केला? आणि ही काल आली!

दिवाळीच्या साफसफाईत बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी नको असलेलं सामान खाली पार्किंगमध्ये काढून ठेवलं होतं. फुटके खोके, विटा, गोणपाटं. त्या रात्री आई आणि मामा बाजारात आणि बाकीची पोरं गच्चीवर गेलेली पाहून पल्लवीने पेटी उचलली, जिन्यावरून खाली नेली आणि त्या पसाऱ्यामागे सरकवली. मोडायची नव्हती, फेकायची तर मुळीच नव्हती. उद्या तालमीच्या वेळी सापडू नये, एवढंच. मग बाई नाइलाजाने क्लासचा तंबोरा काढतील आणि पल्लवीला बसवतील. तिने वरून एक गोणपाटही टाकलं, धूळ बसू नये म्हणून!

सकाळी दहा वाजता घरात एकच हलकल्लोळ उडाला.

“माझा तंबोरा कुठं हाय?” संयोगिताचा आवाज रडवेला झाला होता. मामा कॉटखाली वाकून बघत होते. पल्लवी गुपचूप जिना उतरली आणि खाली येऊन जागीच थिजली. पसारा गायब! खोके नाहीत, विटा नाहीत, पेटी नाही!

विश्वजित, मल्हार आणि संयोगिता मागोमाग धावत आले.

“साफसफाईच्या सामानाबरोबर भंगारात तर न्हाई गेली?” विश्वजित म्हणाला. चौघं पळत सुटले आणि कोपऱ्यावर भंगारवाल्या मनुबाईंचा हातगाडा त्यांनी गाठला.

“तंबोरा? न्हाई गं बाय!” मनुबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. “मी सकाळच्याला गेलते तुमच्या हितं. पर तुमच्या सुभेदारांनी मला एका खोक्याला हात लावू दिला न्हाई. म्हणाले, समदं मला लागतंय!”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुभेदार म्हणजे दिग्विजयकाका, बिल्डिंगचे अध्यक्ष. फौजेतून निवृत्त झाले तरी त्यांची फौज काही सुटली नव्हती. किल्ल्यांची स्पर्धा खरं तर मुलांची, पण गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीने पहिला नंबर मारला आणि ते काकांच्या जिव्हारी लागलं. यंदा त्यांनी मुलांना बाजूला सारून आज पहाटे सहापासून बिल्डिंगच्या मागच्या अंगणात स्वतःच अजिंक्यतारा उभा केला होता. आत खोके-विटा, वर गोणपाटं, त्यावर चिखलाचा लेप. भोवती दोरी बांधून पाटीही लावली होती, ‘हात लावू नये. हुकमावरून.’

“पेटी आतच असणार!” विश्वजित कुजबुजला.

“असणार म्हणून किल्ला फोडतोस व्हय?” संयोगिताने नाक पुसलं. मग एकदम तिचे डोळे लुकलुकले. “थांबा. परवा मी तारा जुळवून ठेवल्यात. जुळलेल्या तारेजवळ तोच सूर लागला की तार आपसूक बोलती. मल्हार, चिखलाला कान लाव!”

ती दोरीपाशी उभी राहिली आणि तिने खणखणीत ‘सा’ लावला.

मल्हार दोरीखालून आत सरपटला. त्याने तटाला कान लावला आणि त्याचे डोळे बशीएवढे झाले. “ताई! अजिंक्यतारा गुणगुणतोय!”

‘हेही हिलाच सुचावं!’ पल्लवीच्या मनात आलंच. अशा वेळीसुद्धा!

“ए, कोन हाय रं तिकडं?” दिग्विजयकाका थापी उगारत आले. “हटो! चार वाजता परीक्षक येनार हायती!”

“काका, आत संयोगिताचा तंबोरा हाय. आवाज येतोय बघा,” विश्वजित म्हणाला.

“माज्या किल्ल्यात तंबोरा? आवाज किल्ल्यातनं येतोय म्हनं! गड्या, भांग पिलास काय? चला, फुटा!”

मुलं जिन्यात येऊन बसली. अर्ध्या दिवसात चिखल वाळणार, ओल पेटीत उतरणार, मग तारा काय आणि भोपळा काय! संयोगिता गुडघ्यांत डोकं घालून बसली. पेटी खाली आली कशी, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

काकांना सांगून उपयोग नव्हता. मग कशाने हलतील काका? पल्लवी विचार करू लागली आणि तिला आपोआपच उत्तर मिळालं. दुसऱ्याचं चांगलं बघून पोट दुखायला लागलं की माणूस काय काय करतो, हे तिच्याइतकं या घडीला साऱ्या साताऱ्यात कुणाला ठाऊक होतं?

तिने धावत जाऊन वही आणली. किल्ल्यापाशी उभी राहून ती मोठ्याने वाचू लागली.

“विश्वजित, ऐक रं! पलीकडच्या गल्लीचा किल्ला. तीन दरवाजे, दोन तोफा आणि चोरवाट! तटाखालनं आरपार. आत बॅटरी लावलीय. लोक वाकून वाकून बघत होते!”

काकांची थापी हवेतच थांबली.

“चोरवाट?”

“व्हय काका. मी काल स्वतः बघितली.” आणि हे तर शंभर टक्के खरं होतं!

“त्यांच्यापेक्षा मोठी काढायची!” काकांनी बाह्या सरसावल्या. “फटाफट! खुरपं आन!”

“काका, चोरवाट ह्या तटाखालनं काढा,” संयोगिता पटकन म्हणाली. जिथे गुणगुण ऐकू आली होती, तिथेच तिने बोट ठेवलं.

काका खणू लागले. एक ढेकूळ निघालं, दोन निघाली. टक्!

“खडक लागला वाटतं.” काकांनी गोणपाट बाजूला ओढलं. आतल्या पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘संयोगिता, मिरज’.

अर्धा अजिंक्यतारा धप्पकन खाली बसला. त्याच्याबरोबर काकाही बसले.

“आयला! पहाटेच्या अंधारात नाव दिसलंच न्हाई. मला वाटलं बसायच्या पाटांची पेटी हाय. लांब होती, तटाला बरोबर बसली...”

मामा धावत खाली आले. त्यांनी पेटी उघडली. एक तार उतरली होती, गळ्याला थोडी ओल लागली होती. त्यांनी भोपळ्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि मोठा श्वास सोडला. “शाबूत हाय! पोरांनो, आजून दोन-चार तास गेले असते तर संपलं होतं!”

मग कौतुकाचा नुसता पाऊस पडला. “युक्ती कुनाची? पल्लवीची? लय हुशार पोरगी!” मामांनी पाठ थोपटली. काकांनी चिखलाच्या हाताने खाडकन सलाम ठोकला. तालमीला आलेल्या मंगलबाई म्हणाल्या, “उद्या मंचावरून तुझं नाव घेणार मी!”

दोन दिवस पल्लवीला हेच तर हवं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. फक्त संयोगिता बघत नव्हती. ती ओढणीने पेटीवरचा चिखल पुसत होती, कडेकडेने, जपून.

“बाई, माझं नाव नका घेऊ,” पल्लवी म्हणाली. “पेटी मीच खाली नेली होती. मुद्दाम.”

मामांचा हात तिच्या पाठीवरून खाली आला. आईच्या चेहऱ्याकडे तिला बघवेना.

दुपारभर पल्लवी न सांगता चिखल कालवत राहिली. काकांनी दोरी सोडली, पाटी काढली आणि सगळ्या मुलांना हाताशी घेऊन पडलेला तट पुन्हा उभा केला. परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, तेही ‘मुलांनी बांधलेल्या भागाला’. काकांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं.

संध्याकाळी पल्लवी जिन्यात पणत्या मांडत होती. संयोगिता येऊन बसली.

“का गं नेलीस?”

“तू आलीस आणि समदं तुझंच झालं.” पल्लवीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. “मी महिनाभर सराव केलता.”

“मला काय माहीत? कुणी सांगितलंच न्हाई.” संयोगिताने एक पणती सरळ केली. “सुट्टीत मला मिरजेत फिरवणारं कुणी न्हाई. एवढे मित्र, एवढी गंमत, आणि ती वही! बघून माझं बी पोट दुखलं. पण मी वही लपवली का?”

पल्लवीने हातातली पणती खाली ठेवली.

“शिक्षा हाय तुला,” संयोगिता म्हणाली. “उद्या क्लासचा म्हातारा तंबोरा घेऊन बाईंच्या डावीकडं बसायचं. तंबोऱ्यांची जोडीच लागती. मी बाईंना विचारलंय. आणि सूर हलला तर बघ!”

पहाटे राजवाड्यासमोरचं मैदान माणसांनी फुलून गेलं. अंगाला उटण्याचा वास, हातात गरम चहा आणि मंचावर मंगलबाई. उजवीकडे मिरजेचा नवा तंबोरा, डावीकडे क्लासचा म्हातारा. दोन्ही असे मिसळले, की कुठला कुणाचा ते पल्लवीलाही कळेना.

गाणं संपल्यावर बाई माइकवर म्हणाल्या, “एकीने तंबोरा आणला, दुसरीने सोडवला आणि खरं बोलून दाखवलं. दोघींसाठी टाळ्या!” समोर दिग्विजयकाका उभे राहून टाळ्या पिटत होते. आईनेही हसून मान हलवली.

उतरताना लोक संयोगिताच्या नव्या तंबोऱ्याभोवतीच गोळा झाले. पल्लवीला लागलं. पण थोडंसंच.

तिने वही काढून चौथ्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. संयोगिताने गर्दीतून वाट काढत येऊन तिच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि खाली लिहिलं :

‘पाचवं. मे महिन्यात मिरज. तंबोरे कसे बनतात ते बघणे. फुकट! (पेटी लपवणाऱ्यांनाही प्रवेश.)’