शिशाच्या चष्म्याची दोरी

शिवकन्याचा चष्मा नाकावरून घसरला… आणि तो सावरायला तिचे हात मोकळे नव्हते! निर्जंतुक हातमोजे एकदा चढवले की चष्म्यालाही हात लावायची सोय नाही. टेबलावर पेशंट, डॉक्टर त्याच्या हृदयाची नळी तपासणार, एक्स-रे आता सुरू होणार – इतक्यात बाजूनं एक बोट आलं आणि चष्मा अलगद वर सरकला.

"सांभाळा, सिस्टर. शिशाचा हाय, जड असतो. घसरला की खालून किरण शिरतात."

"थँक्यू, भाऊ."

"भाऊ काहून? सुदाम म्हणा की!"

मास्कवर फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरले…

शिवकन्या माझी भाची. हिंगोलीत नव्यानं नर्स लागली, माझ्याकडेच राहायची. घरी आली की, "आत्या, आज काय झालं माहितीये?" मीही उभी हयात नर्स होते. आमच्या वेळी पेशंटला धरून आम्ही उघड्या डोळ्यांनी मशीनपाशी उभ्या राहायचो. त्या किरणांनी अकाली मोतीबिंदू होतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून चष्मा सावरणारा तो एक्स-रे टेक्निशियन सुदाम मला न बघताच आवडला.

पण आम्ही मेंढरंवाले, तो बंजारा तांड्यावरचा. माझा भाऊ मुंजाजी हो म्हणेल का? पोरीचा जीव तिथंच अडकला होता.

चष्मा पुरुषी मापाचा. रोज घसरायचा, रोज ते बोट यायचं. एके सकाळी सुदामनं तिच्यापुढं काळ्या लोकरीची दोरी धरली.

"चष्म्याला मागून बांधा. गोरेगावच्या आठवडी बाजारात तुमच्या बाबांकडून आणली."

"बाबांकडून? काय बोललात तुमी?"

"म्हणलं, शिवकन्याच्या डोळ्यांसाठी पायजे. ते म्हणले, तिच्या डोळ्यांची तुला काहून रे एवढी काळजी?"

"मग?"

तेवढ्यात पेशंट आत आला!

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दोरी न बांधता आली. सुदाम चिडलाच.

"दोरीबिगर मी मशीन सुरू करणार न्हाई."

"दोरी बांधली की तुमी जवळ येत न्हाई…"

"येडी का काय! डोळे गेल्यावर बघशील कोणाला?" बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

तिनं धीर केला. "बाबांना काय सांगितलं, ते आधी सांगा."

"खरं ते सांगितलं. म्हणलं… त्या डोळ्यांना मी म्हातारा झालेला दिसलो पायजे."

"आन् बाबा?"

"त्यांनी पिशवीतून लोकर काढली, आन् तिथंच बसून ही दोरी वळून दिली."

शिवकन्यानं खिशातली दोरी काढून त्याच्या हातात ठेवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाठ फिरवली.

"बांधा मग," ती म्हणाली. "घट्ट बांधा."